जोशी सरांनी ठरवलेला आजचा कार्यक्रम

मंडळी, मागं उभे आहात त्यांनी पुढं या. सतरंजीवर जागा आहे. बायांनी इकडं भिंतीला टेकून बसलं तरी चालेल.

मला भाषण करायची सवय नाही. मी मंगल. या वाचनालयात पुस्तकं देते, घेते, फाटलेली चिकटवते. ग्रंथपाल जोशी सरांच्या हाताखाली काम करते. करत होते. बघा, इथंच अडकायला होतंय. गेल्या आठवड्यात दुपारी सर घरी जेवले, जरा आडवे झाले, आणि उठलेच नाहीत. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, चहा ठेवला होता. हाक मारली, तर ओ नाही. एवढंच झालं. यापेक्षा जास्त कुणालाच काही सांगता येत नाही, आणि मलाही अजून ते नीट समजलेलं नाही.

अजून एक गोष्ट मला समजत नाही, ती आधी सांगते. आज आपण इथं जमलोय ते नेमकं कशासाठी?

तुमच्यातले निम्मे जण शोकसभेला आलेत. ते दिसतंच आहे. आणि निम्मे जण कार्यक्रमाला आलेत. सर गेले हे त्यांना फाटकात आल्यावर कळलं. दोष कुणाचाच नाही. बाहेरच्या फळ्यावर सरांनी स्वतःच्या अक्षरात आजचा कार्यक्रम लिहून ठेवला होता. तो पुसायला कुणाचा हात धजावला नाही. मग वाचनालय समितीचे अध्यक्षसाहेब म्हणाले, रविवारी सगळ्यांना सवड असते, हॉलही मोकळाच आहे, तेव्हा शोकसभा रविवारीच घेऊ. म्हणून खाली उरलेल्या जागेत कुणीतरी शोकसभा लिहिली. तारीख तीच, वेळ तीच, जागा तीच. वर कार्यक्रम, खाली शोकसभा.

सकाळी शेजारचे चहावाले रफिकभाई आले. म्हणाले, "ताई, आज प्रोग्राम है के शोकसभा? प्रोग्राम रहा तो चाय भेजता हूं. शोकसभेला चाय देतात का नाही, मुझे मालूम नहीं." मलाही मालूम नव्हतं. मी म्हटलं, भाई, थोड्या वेळानं सांगते. ते अजून बाहेर थांबलेत.

मंडळी, तुमच्यातल्या जुन्या वाचकांना आठवत असेल, हे वाचनालय पूर्वी कसं होतं. टाचणी पडली तरी ऐकू यायची. सर तोंडानं काही बोलायचे नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघायचे. एकदा तहसीलमधले एक साहेब इथं बसून मोबाईलवर बोलायला लागले. सर उठले, साहेबांची खुर्ची उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. म्हणाले, "इथं हवाही चांगली आहे आणि रेंजही." साहेब मुकाट बाहेर जाऊन बसले. असे सर. शांतता म्हणजे सर, आणि सर म्हणजे शांतता.

आणि याच माणसानं गेल्या दोन-तीन वर्षांत या हॉलचा बाजार करून टाकला. हा शब्द माझा नाही. तुमच्यातल्याच काही जणांनी लेखी तक्रारीत तो वापरला होता. सरांनी ती तक्रार मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, "बाजार म्हणतात, मंगल. बाजाराला गर्दी असते. ही तारीफ समजायची का?"

हे कशानं झालं? मला वाटतं, मला माहीत आहे. पण खात्री नाही.

माझी आई आमच्या वस्तीवर असते, घाटाच्या अंगाला. आमची मेंढरं आहेत. आमच्या घरात शाळा पाहिलेली मी पहिली. आई एकदा बाजाराला इथं कन्नडला आली होती. उन्हाचे दिवस होते, एस.टी.ला वेळ होता, म्हणून मी तिला इथं आणून बसवलं. त्या खिडकीजवळ. ती बराच वेळ सगळ्यांकडं बघत राहिली. मग तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे माळावर हाक मारतात त्या आवाजात, तिनं मला विचारलं, "हे काय करत्यात गं सगळे?"

मी हळूच म्हटलं, "वाचतात, आई."

ती म्हणाली, "मंग आवाज कुठंय?"

सगळ्यांनी माना वर केल्या. मी लाजेनं अर्धी झाले. सर जागेवरून उठले. म्हटलं, झालं, आता आईची खुर्ची ओट्यावर जाणार. सर आले. पण त्यांनी एक स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. विचारलं, "तुमच्याकडं वाचताना आवाज असतो का?"

आई म्हणाली, "आमच्यात एकालाच वाचता यायचं, माझ्या चुलत्याला. तो पोथी वाचायचा, आमी ऐकायचो. त्यानं मनातल्या मनात वाचली असती, तर आमी काय करायचं?"

सर हसले नाहीत. त्यांनी पुढचं विचारलं. मेंढरं घेऊन कुठवर जाता? पाऊसकाळात कुठं थांबता? आईला काय, कुणीतरी ऐकणारा पाहिजे. ती सांगत सुटली. संध्याकाळी कळपात शेकडो कोकरं ओरडत असतात, तरी कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं ते कसं ओळखायचं. रानात बाळंत झालेल्या बाईला काय खायला घालायचं. लांडगा आला तर कुत्रं कसं भुंकतं, आणि माणूस आला तर कसं भुंकतं. तिनं दोन्ही आवाज काढून दाखवले. इथं, मंडळी. या हॉलमध्ये. आधी दोघा-तिघांनी पेपर आपटले. मग एकेकानं खुर्ची तिकडं वळवली. आईची एस.टी. गेली, त्यानंतरचीही गेली. शेवटी ती जीपनं गेली.

फळ्यावर न लिहिलेला पहिला कार्यक्रम तोच, असं मी धरते. त्यानंतर सरांनी दम खाल्ला नाही. सुट्टीत पोरांना गोष्टी. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या मिस्त्रींनी बॉयलरची गोष्ट सांगितली, त्याला तर बसायला जागा नव्हती. पाचोडहून एक बाई आल्या, त्यांनी गोधडी शिवता शिवता गप्पा मारल्या. टाळ्या काय, हशा काय!

मी सरांना तीनदा विचारलं, सर, हे सगळं कशासाठी? एकदा म्हणाले, "वाचक कमी झालेत, खुर्च्या भरायला नकोत का?" दुसऱ्यांदा म्हणाले, "सरकारी तपासणीला कार्यक्रम दाखवावे लागतात." तिसऱ्यांदा मात्र खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मंगल, मला शांततेचा कंटाळा आला." यातलं खरं कोणतं? मला वाटायचं, सवडीनं एकदा नीट विचारू. सवड काय, रोजचीच होती.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. इथं मागं रेश्मा बसलीय. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिच्याबरोबरची पोरंपोरीही आहेत. घरात खोली एक, माणसं सात-आठ. ही मुलं अभ्यासाला कुठं जाणार? रेश्मा एकदा सरांना तोंडावर म्हणाली, "सर, तुमच्या टाळ्यांपायी माझी परीक्षा जाईल." सर म्हणाले, "तुझं बरोबर आहे." आणि पुढच्या रविवारी पुन्हा कार्यक्रम. पण त्याच सरांनी तिच्यासाठी रोज भल्या सकाळी वाचनालय उघडायला सुरुवात केली. ती काही नोकरीची वेळ नव्हती. स्वतः झाडून घ्यायचे, पंखा लावायचे आणि ओट्यावर पेपर वाचत बसायचे, पोरींना एकटं वाटायला नको म्हणून. आज सकाळी रेश्मानं मला विचारलं, "दीदी, उद्या सकाळी उघडणार का?" आणि विचारल्यावर तीच रडायला लागली, की मी हे काय विचारते. अगं, बरोबरच विचारलंस. मलाही तेच विचारायचंय. फक्त कुणाला विचारायचं, ते कळत नाही.

रेश्माचं बरोबर. आईचंही बरोबर. तक्रार करणारांचंही, खरं सांगायचं तर, बरोबर. सगळ्यांचंच बरोबर असलं, तर वाचनालय कुणाचं ऐकणार?

परवा एका माणसाचा फोन आला. त्यांचं नाव सांगत नाही. हर्सूलच्या कारागृहात शिक्षा भोगून ते बाहेर आलेत. आत असताना वाचायला लागले. सरांनी त्यांना पुढच्या महिन्यात इथं बोलवलंय. पुढच्या कार्यक्रमांच्या यादीत सरांनी तो लिहूनही ठेवलाय. त्यावरून समितीच्या बैठकीत वादही झाला. ते म्हणाले, "ताई, माझा कार्यक्रम हाय ना?" मी म्हटलं, दादा, सर गेले. ते म्हणाले, "मंग येऊ का नको?" मी म्हटलं, विचारून कळवते. अजून कळवलेलं नाही.

आणि माझी आई.

आजचा कार्यक्रम तिचा आहे. सरांनी स्वतः वस्तीवर जाऊन तिला आमंत्रण दिलं होतं, नारळ देऊन. सर गेल्याचा निरोप मी भावाकडं दिला, पण आई मेंढरं घेऊन दूर गेली होती; भाऊ तिला शोधत गेला आणि ती दुसऱ्या वाटेनं वस्तीवर परतली, त्यामुळं निरोप तिच्यापर्यंत पोचलाच नाही. आज ती नवं लुगडं नेसून, वस्तीवरच्या बायकांना घेऊन जीपनं आली. फाटकात तिला हार घातलेला फोटो दिसला. मला म्हणाली, "सर कुठंयत?" मी सांगितलं. ती तिथंच पायरीवर बसली. मग म्हणाली, "मंग मला कशाला बोलवलं?"

मी म्हटलं, "त्यांनीच बोलवलं होतं, आई."

"व्हय. पण ते नायत ना आता."

तुम्ही काय बोलला असता?

मी धावत काकूंकडं गेले. इथून हाकेच्या अंतरावर घर. काकू तयार होऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, घोटाळा झालाय. आई आलीय, तिच्याबरोबर बायका आल्यात. आजचं काय करायचं?"

काकू म्हणाल्या, "मला काय विचारतेस? इतकी वर्षं त्यांनी वाचनालयातलं मला काही सांगितलं नाही आणि मी कधी तिथं पाऊल ठेवलं नाही. घरात ते बोलायचेच कुठं? पण त्या दिवशी वस्तीवरून आले, ते संध्याकाळभर बोलत होते. कुत्र्याचे आवाज काढून दाखवले त्यांनी मला. या वयात! मी म्हटलं, मी पण येते ऐकायला. म्हणाले, ये." मग काकू उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी आज येणारच होते, मंगल. आता कुठल्या कार्यक्रमाला यायचं, ते तू सांग."

काकू इथं बसल्यात. पहिल्यांदाच आल्यात.

आता अध्यक्षसाहेब, मला माफ करा. मला तुम्ही इथं उभं केलं, ते शेवटी एक सूचना वाचायला. पुढचे सगळे कार्यक्रम रद्द, हॉलमध्ये पूर्णवेळ अभ्यासिका. समितीनं विचार करूनच ठरवलं असेल. मुलांचं भलं आहे त्यात. उद्या सकाळी मी रेश्मासाठी दार उघडीन, कुणी सांगो न सांगो. पण ज्यांचे कार्यक्रम आहेत, त्यांच्यातली एक बाई समोर बसलीय. तिच्या तोंडावर रद्द म्हणायला माझी जीभ उचलत नाय. पुढच्या महिन्याचं समितीनं पुन्हा एकदा बसून ठरवावं, आणि ठरवताना त्या फोन करणाऱ्या दादांनाही बोलवावं, एवढी माझी विनंती. बाकी मला त्यातलं कळत नाही. मला फक्त आजचं बघायचंय.

आई, तू बोलशील का गं?

काय? मोठ्यानं बोल.

आई म्हणते, "सरांसाठी तयारी केली व्हती. बाकीच्यांचं मला काय ठाऊक." आणि काकू म्हणतात, "मला सांगा." ऐकलंत? काकू म्हणतात, "मला सांगा, मी ऐकते."

आई मान हलवतेय. व्हय म्हणतेय.

मग असं करू. हे बरोबर की चूक, मला सांगता येणार नाही. शोकसभेनंतर लगेच कार्यक्रम करायची रीत नाही, हे मला माहीत आहे. ज्यांना पटत नसेल, त्यांनी खुशाल जावं, कुणी राग मानणार नाही. रफिकभाई, चहा पाठवा.

त्याआधी सगळ्यांनी उभं राहू या. आई, तुझे गुडघे दुखतात, तू बसूनच रहा. काकू, तुम्हीही. डोळे मिटा, नाहीतर उघडे ठेवा. सरांना जे काही म्हणायचं राहिलं असेल, ते मनात म्हणा. किती वेळ, ते मी सांगत नाही. मी घड्याळ बघणार नाही. कुणाला थोडं म्हणायचं असेल, कुणाला लई. ज्याचं म्हणून झालं, त्यानं आपापलं खाली बसावं. सगळे बसले, की आई सुरू करील.

सर, नमस्कार करते.