आमोसची लेक

मंडळी, एक विचारतो! बापाचं नाक लेकराला येतं, बापाची चाल येते, टक्कलसुद्धा येतं — हसू नका लोंढेमामा, तुमच्या धाकट्याचा भांग बघितलाय मी! — मग बापाचं पापही रक्तातून येतं का?

ऐका! राहुरीला तबिथा नावाची नर्स होती. ती दोन वर्षांची असताना तिचा बाप आमोस घर सोडून गेला. आमोसचा बापही असाच गेलेला! तबिथाच्या हनुवटीला बापाचीच खळी. आई चिडली की म्हणायची, "गेलीस ना बापाच्या वळणावर!" आणि पोरगी आरशासमोर उभी राहायची. ज्याचा चेहरा आपण घेऊन फिरतो, तो माणूस हसतो कसा? हाक कशी मारतो?

तिशी आली. शमुवेल मास्तरांनी लग्नाचं विचारलं. भला माणूस! पण ही म्हणाली, "नको मास्तर. सोडून जाणं माझ्या रक्तात आहे. तुम्हालाही सोडीन एक दिवस."

त्याच वर्षी आई वारली. तिच्या ट्रंकेच्या तळाशी आमोसचं पत्र निघालं — वर मनमाडचा पत्ता! तबिथानं त्याच दिवशी एसटी धरली.

बेकरीमागे एक खोली. खाटेवर म्हातारा. खळी तीच! त्यानं तिला पाहिलं, ओळखलं — आणि तोंड फिरवलं. मंडळी, अठ्ठावीस वर्षं वाट पाहायची, आणि पाठ दिसावी!

"कशाला आलीस, तबू?"

"तुम्हाला बघायला."

"माझा बाप पळाला, मी पळालो. आमचं रक्तच पळपुटं, पोरी."

ती खाटेच्या कडेला टेकली. "मग मी कशी आले, बाबा? मीही तुमच्याच रक्ताची. मी तर शोधत आले!"

म्हातारा वळला. लेकराचं डोकं छातीशी धरून ढसढसा रडला.

तिनं त्याला राहुरीला नेलं. शमुवेल मास्तरांना होकार दिला. लग्नात म्हातारा चर्चच्या पहिल्या बाकावर बसला. चार महिने जगला. चारच! अठ्ठावीस वर्षांची भूक चार महिन्यांत भागते का? नाही भागत. अजूनही दारात पाऊल वाजलं की ती मान वर करते.

पण ही शोधत जाण्याची ओढ आली कुणाकडून? बापाकडून नाही, आजाकडूनही नाही! अहो, सगळ्या बापांच्या आधी एक बाप आहे. त्यानं आपल्याला स्वतःच्या प्रतिरूपाचं घडवलं. पहिला माणूस आदाम, देवाची आज्ञा मोडून झाडाआड लपला, तेव्हा बागेत हाक मारत कोण फिरत होतं? तोच! त्याचाही चेहरा आहे आपल्यात!

आता तुमचं सांगा. ज्याचं नाव घरात काढत नाही, असं कुणीतरी तुमचंही आहे. पत्ता तुम्हाला ठाऊक आहे. शेवटची प्रार्थना मी एकटा करतो — तुम्ही निघा!