कुलपाआड राहिलेली यमू

मंडळी, एक अडचणीचा प्रश्न विचारतो. ज्या देवानं तुमच्या घरातलं माणूस नेलं, त्याच देवाच्या हाती उरलेलं माणूस सोपवाल? — माना हलवू नका! आधी ऐका, मग हलवा.

कोकणात खाडीकाठी आंबेखोल नावाचं गाव. तापाची साथ आली. घराघरांत कण्हणं, घराघरांत रडणं! गावानं रवळनाथाला कौल लावला. म्हणजे देवाच्या अंगावर फुलांचे कळे चिकटवायचे. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. उजवा पडला. हुकूम झाला — तीन दिवस गाव सोडा! माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे शिवेबाहेर. आणि दारं? दारं उघडी ठेवायची. कुलूप लावायचं नाही. राखण देवाची!

(समोरचे काका किल्ली चाचपतायत. चाचपा, चाचपा!)

त्या गावात आवडूआजी. साथीत मुलगा गेला, आठ दिवसांत सून गेली. उरली सहा वर्षांची नात, यमू. आजी मनात म्हणाली, "दोन माणसां राखूक जमली नाय तुका, आणि माझा घर राखतलस?" — आणि घातलं हो कुलूप! किल्ली कनवटीला खोचली आणि यमू पोरांबरोबर बैलगाडीत बसली असेल असं धरून सगळ्यांबरोबर चालू लागली.

भर दुपारी सगळे शिवेवरच्या वडाखाली पोचले. मानकरी बाबी राऊळ डोकी मोजू लागले. यमू दिसेना.

"आवडू, चेडू खंय गो?"

"तुमच्या गाडीत नाय?"

नव्हती! खुडूक बसलेली कोंबडी मागे राहिली म्हणून पोर मागच्या खोलीत शिरली होती, आणि आजीनं स्वतःच्या हातानं बाहेरून कुलूप घातलं होतं. दार उघडं असतं तर आली नसती का चालत?

आजी धावली. शिवेच्या दगडापाशी आली — आणि थबकली.

समोर गाव. धूर नाही. कावळा नाही. पान हलत नाही. आजीचं सोडून सगळी दारं सताड उघडी, आत नुसता काळोख. आणि त्या रिकाम्या गावातून आवाज येतोय — ठक... ठक... ठक... या दारातून त्या दारात, कुणी काठी टेकत चाललंय!

बाबी राऊळांनी हात जोडले. "राखण चालू आसा. आता मधी जाव नको."

तिला भीती वाटली, लाज वाटली, राग आला. सगळं एकदम! मग तिनं किल्ली काढली, शिवेच्या दगडावर ठेवली आणि हंबरडा फोडला. "घे! माझ्यान नाय होणा. माझा चेडू तुझ्या हातात!"

ठक-ठक थांबली.

सगळ्यांचे डोळे वाटेवर. किती वेळ, कुणाला ठाऊक! आणि मग पाणंदीतून यमू आली. काखेत कोंबडी.

आजीनं तिला छातीशी घट्ट धरलं. "दार कोणी उघडल्यान गो?"

"दार नाय उघडलां. आजो म्हणालो, डोळे मिट. मिया मिटलंय."

"कोण आजो?"

"घोंगडीवालो. मिया खिडकेतसून बघलंय, सगळ्यांच्या ओटयेर तोच बसलेलो. एकच! सगळ्यांकडे!"

आजीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आणि... आपल्या ओटयेर?"

"थंय नाय. आपल्याक कुलूप हुतां मां? म्हणान तो माझ्याकडे भुतूर बसलेलो."

भुतूर! मंडळी, भुतूर म्हणजे आत!

चौथ्या दिवशी कौल झाला, गाव परतलं. आजीच्या दारावर कुलूप होतं तसंच, बंद. शिवेच्या दगडावरून उचलून आणलेल्या किल्लीनं तिनं ते उघडलं. मागच्या खोलीत जमिनीवर दोन पाट मांडलेले होते. एक यमूचा, लहान. दुसरा मोठा, पाहुण्याचा. आजी त्या मोठ्या पाटावर डोकं ठेवून रडली, पोटभर रडली.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्हीही रागावलाय ना त्याच्यावर? कुणाचं माणूस आजारी, कुणाला उद्याचं काही दिसत नाही. घातलंय ना मनाला कुलूप? असू दे! मी काढायला सांगत नाही. घरी जा, फक्त एक पाट जास्त मांडा. ज्याला बाहेर ठेवलंत असं वाटतंय, तो कधीचा आत येऊन उभा आहे.