पाखऱ्या इंग्रजीत

१९५८ साली पौडच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत होतो. मागे दोघे बोलत होते. एक सरकारी दवाखान्याचा तरुण डॉक्टर, दुसरे नांद्याचे हैबतराव.

“छापला, हैबतराव! आपला नारूवरचा लेख इंग्रजी मासिकानं छापला. दोनदा परत आला होता.”

“परत का यायचा? मी तर समदं सांगितलं हुतं.”

“तेच तर! तुमच्या मेव्हण्याचं लग्न, बांधाचं भांडण, सगळं लिहून बसलो. संपादक म्हणाले, मुद्द्याचं तेवढं ठेवा.”

“मंग काय ठिवलं?”

“नारूचा जंत बाहेर आलेला पाय घेऊन तुम्ही पायऱ्यांच्या विहिरीत उतरलात आणि ते पाणी पिऊन गावाला नारू झाला.”

“लई झ्याक! आन माजं नाव?”

“रुग्णाचं नाव छापत नाहीत. नियम आहे.”

“अवो, गावाला सांगून बसलोय मी! रविवारी फेटा बांधणार हायेत मला. आता तोंड कुटं दावू?”

“थांबा. विहिरीत कशाला उतरलात, ते लिहावंच लागलं.”

“पाखऱ्याला पाणी पाजाया.”

“तसंच छापलंय. पाखऱ्या नावाच्या बैलासाठी.”

“बैलाचं नाव चालतंय?”

“तो कुठं रुग्ण आहे?”

“पाखऱ्या... इंग्रजीत?”

“इंग्रजीत.”

“मंग झालं की! पाखऱ्या कुनाचा, ह्ये मुळशीत सांगाया लागतंय व्हय?”

“मग रविवारी फेटा कुणाला?”

“पाखऱ्याला. पर फोटूत कासरा माज्या हातात पायजे.”