लालसाब सरांचे मागून घेतलेले तास

सन्माननीय अध्यक्ष प्रभुलिंग अण्णा, मुख्याध्यापिका शाइस्ता मॅडम, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले क्रीडाशिक्षक लालसाब सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या अजीजाभाभी, आणि एवढ्या उकाड्यातही जागेवर बसून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, पालकांनो, मुलांनो!

मी वैजयंती, गणित शिकवते. गणिताच्या बाईला भाषणाला उभं करणं हाच मुळात एक खेळ आहे. आणि आमच्या स्टाफरूममध्ये या शब्दाचे अर्थ तरी किती! निवडणुकीची ड्यूटी लागली, की शिपाई गुरप्पा दारातूनच सांगतो, "मॅडम, तुमचा गेम झाला की ओ!" ती ड्यूटी शिताफीनं चुकवतो तो मोठा खेळाडू. नाव घेत नाही, समोरच बसले आहेत. चहाला गायब झालेला माणूस 'खेळायला गेलेला' असतो. आणि वेळापत्रकात 'खेळ' लिहिलं असलं, तर मुलं त्याला गणित म्हणतात.

हसू नका. तो अर्थ मी दिला आहे. अभ्यासक्रम संपत नाही म्हणून एकोणीस वर्षं मी सरांचे तास मागून घेतले. सर कधी नाही म्हणाले का? "घ्या की मॅडम, पोरं काय येगळी हायेत?" असं म्हणायचे आणि एकटेच मैदानावर जायचे.

यंदाच्या फेब्रुवारीतली दुपार. नववी ब, सरांकडून मागून घेतलेला सहावा तास, फळ्यावर अवयव पाडणं चाललेलं. वर्ग फारच शांत वाटला म्हणून वळले, तर सगळी मुलं खिडकीबाहेर बघत होती. ओरडायला तोंड उघडलं आणि मीही बघत राहिले. मैदान उन्हात पांढरं झालं होतं. एमआयडीसीतल्या यंत्रमागांचा आवाज झोपेत ऐकू यावा तसा दुरून येत होता. आणि अठ्ठावन्न वर्षांचे आपले सर वाकून, हात पसरून, दम धरून एकटेच कबड्डीची चढाई करत होते. किती हलके पडत होते पाय! मध्यरेषेपाशी येऊन थांबायचे, पुन्हा निघायचे. किती वेळ गेला कोण जाणे. कुणीही हसलं नाही. मग सना हळूच म्हणाली, "मॅडम, सरांच्या समोर कुणीच न्हाई की."

मी काय म्हणाले असेन? "वहीत बघ."

त्याची मला आजही लाज वाटते.

सरांच्या जागी नवे क्रीडाशिक्षक मिळणार नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. जूनपासून त्यांचे तास कुणाला द्यायचे, असं शाइस्ता मॅडमनी विचारलं, तेव्हाही मी चटकन म्हणाले, गणिताला. वेळापत्रक मीच करते ना! ते तसं लागलं असतं, तर या शाळेतून खेळ कायमचा गेला असता. अण्णा, आज सकाळी मी ते खोडलं. त्या सगळ्या तासांना मुलांबरोबर मैदानावर मी जाणार आहे. मला नियम येत नाहीत, पळायची सवय नाही, गुडघे कुरकुरतात. सर, मे महिनाभर मला शिकवाल?

आपण मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सगळ्यांनी सांभाळून घ्यावं. त्या तासांची माफी मात्र मला एकट्या सरांकडूनच हवी आहे. आणि सर, नाही म्हणालात तरी सोमवारी सकाळी सहाला मी चपला काढून मैदानावर उभी असेन.