मधातल्या घरापुढचा नळ

...तं मले सांगा, नळ कोणाच्या दारी आला? माह्या! साऱ्या गल्लीच्या बाया सकाळी सकाळी कुठं भांडून राह्यल्या? माह्या ओट्यावर! काहून? तं म्हणे, शीलाबाई, तुमचं घर मधात हाय... मधात कोण? मी!

आता आमची गल्ली कशी, लालबर्रा रोडवरून आत शिरलं का सरळ. सात घरं. सहा एकाले एक चिकटून, अन् सातवं चंपाबाईचं, धानाचं वावर ओलांडून, पार पाण्याच्या नहराजवळ. म्हातारी एकटीच राह्यते. अन् सरकारी नळ आला एकच! मंग काय, बैठक. वसंताभाऊ सरपंच म्हणे, "झगडा मत करो! रोडपासून साऱ्यायचं अंतर मोजा, सरासरी काढा, तिथं गाडू." मोजलं. सरासरी कुठं पडली? वावरात, चिखलात! ना घर ना माणूस, एक बगळा तेवढा उभा! चंपाबाई येवढी दूर, का एकटीनंच सारी सरासरी आपल्याकडे ओढून नेली.

मंग उठली आमची आम्रपाली. पोरगी बालाघाटले कॉलेजात शिकते ना! "सरासरी नाही, मीडियन काढा. घरं ओळीनं धरा, मधातलं पकडा. इकडे तीन, तिकडे तीन. साऱ्यायचं मिळून चालणं सगळ्यात कमी होते." म्या म्हटलं, मधात कोण? म्हणे, "आपण, आई!" लोकायनं टाळ्या वाजवल्या. म्याही वाजवल्या, खोटं काहून बोलू?

तवापासून तुमाले सांगते, शेजारची अंजू ओरडते, "माहा पाण्याचा गुंड पह्यला होता!" पलीकडचा प्रेमलाल तोंडात ब्रश धरून म्हणते, "भाभी, आप ही बताओ, किसका नंबर?" न्याय करायले मधात कोण? मी!

अन् परवा चंपाबाई आली. कमरेवर गुंड, धापा टाकत ओट्यावर बसली. म्हणे, "बाई, पाणी जवळ आलं म्हंतात... कोणाच्या?"

मी तशीच उठली. आत गेली, पोरीले इचारलं, "अवं, तुह्या हिशोबात या म्हातारीचं काय?" हौ, पोरीचं तोंड उतरलं. "आई, म्हातारी नहराजवळ राहो का बैहरच्या जंगलात, मीडियन जागचं हलत नाही."

आता सांगा... मीडियन हलत नाही, म्हातारीच्यानं चालवत नाही. तं रोज सकाळी तिचा गुंड घेऊन नहराकडे हलते कोण?

मी!