भोकाचा काठ

भाची : आत्या, भोक पडलं! तुटलेल्या हुकातून कापलेली शेवटची चकती होती गं.

आत्या : हळू बोल, ठमे. मसुराएवढी चकती, फुंकरीनं उडेल. दाखव.

भाची : पातळ करायला यंत्राची घंटी वाजेपर्यंत आम्लाची धार सोडली, तर मधोमध भोक! आधीच्या दोन मी वाकवल्या, आता ही. संपला बाबांचा हूक.

आत्या : हूक कारखान्याचा. तुटला तेव्हा क्रेनवर तुझे बाबा होते, एवढंच.

भाची : एवढंच? जास्त वजन उचललं म्हणून घरी बसवलंय त्यांना. तीन महिने दाढी नाही केली.

आत्या : माहितेय. माझ्या दादानं आरशाशीसुद्धा अबोला धरलाय. आणि रडू नकोस, भोक पडायलाच हवं. घंटी त्यासाठीच वाजते.

भाची : पुस्तकात तर पातळ करा, एवढंच होतं.

आत्या : पुस्तक लिहिणाऱ्यानं भोकं पाडली नसतील. मी सव्वीस वर्षं तेच करतेय. भोकात काही नसतं, बघायचं काठावर. तिथं पोलाद केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढं उरतं, म्हणून इलेक्ट्रॉन आरपार जातात. जाड राहिलं की पडद्यावर नुसता अंधार. चल, घाल आत.

(चकती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात जाते. पंप आतली हवा उपसतो.)

भाची : आलं! फरशा बसवल्यासारखे कण. आणि हा एक अख्खा काळाकुट्ट! आत्या, सापडला दोष!

आत्या : काळं दिसलं की दोष, हे कारखान्यातल्यांचं झालं. चकती जरा कलती कर.

भाची : अगं, हा उजळला... शेजारचा काळवंडला.

आत्या : मग तो नुसता तोंड फिरवून बसला होता. अणूंच्या रांगा ठरावीक कोनात आल्या, की इलेक्ट्रॉन बाजूला फेकले जातात आणि जागा काळी दिसते. त्यात त्याचा काय गुन्हा? फरशांचे सांधे बघ.

भाची : सांध्यांत ठिपके आहेत. बारीक, माळेसारखे.

आत्या : कलती कर.

भाची : तसेच आहेत.

आत्या : दुसऱ्या बाजूनं.

भाची : तसेच! म्हणजे हे नुसते तोंड फिरवून बसलेले नाहीत, सांध्यांत खरंच काही साचलंय! पोलाद तापवताना-निववतानाच बिघडलं? सांधे आधीपासून ठिसूळ होते?

आत्या : असेल. ठिपके कशाचे, ते आमच्या प्रयोगशाळेतले सर तपासतील. तू दुसरी जागा शोध.

भाची : आणखी कशाला? ढळढळीत दिसतंय की!

आत्या : त्यांनी दादाला एका नजरेत दोषी ठरवलं. आपण एका नजरेत सोडवायचं नाही.

भाची : मग किती जागा बघू?

आत्या : काठ संपेपर्यंत.

भाची : आणि बाबा? फोन हातात घेऊन बसले असतील. काय सांगू?

आत्या : सांग, अजून काहीच नक्की नाही.

भाची : बस्स?

आत्या : आणि म्हणावं, दाढी करून ठेवा.