पहिल्या नंबरचं गाणं

रेडिओचं मला काय सांगताय! आमच्या निमगावात तवा एकच व्हता, तात्यांचा, बॅटरीवरचा. दर बुधवारी सिलोनवरनं गाण्यांचे नंबर लागायचे, खालनं वर. सारी आळी तात्यांच्या ओसरीवर. तात्यांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, आवडतं गाणं दुसऱ्या नंबरला अडकलेलं. "पुढच्या बुधवारी पहिलं येतंय बघा," म्हणाल्या, आन् सोमवारी गेल्या.

सुतकात रेडिओ कोण लावतंय? तरी बुधवारी आमी सवयीनं जाऊन बसलो. तात्यांनीच उठून लावला. दुसऱ्या नंबरपातुर काकूंचं गाणं आलंच न्हाय. आता एक तर पहिलं, न्हायतर यादीतनंच गेलेलं.

तात्यांनी रेडिओ बंद केला.

"अवो तात्या, पहिलं ऐकू द्या की!"

"पहिलं तिचंच असणार," तात्या म्हणाले. "आन् नसलं, तर ते मला ऐकायचं न्हाय."